यादीत नसलेले सूत

ठासणीची बंदूक कशी भरतात ते आधी सांगितले पाहिजे. ते ठाऊक नसेल तर पुढचे काहीच नीट कळणार नाही. नळीच्या तोंडातून प्रथम दारू ओततात. तिच्यावर बोळा सारतात आणि लोखंडी गजाने तो तळापर्यंत ठासतात. शिकार करायची असेल तर त्यावर छर्रे किंवा गोळी, आणि पुन्हा एक बोळा. मागच्या बाजूला घोड्याखाली तांब्याची लहानशी टोपी बसवतात. घोडा पडला की टोपी फुटते, ठिणगी आत जाते आणि बार होतो. नुसता आवाज आणि धूर हवा असेल तर दारू आणि बोळा एवढेच पुरते. भरलेली बंदूक आणि रिकामी बंदूक बाहेरून अगदी सारखी दिसते. आत काय आणि किती आहे हे जाणण्याचा एकच उपाय आहे. गज आत सोडायचा आणि तो तोंडाबाहेर किती उरतो ते मोजायचे.

हे सर्व मी वडगावच्या शाळेत शिक्षक असताना, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, अकरा दिवसांत शिकलो. बाराव्या दिवशी जे झाले त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तरी ते लिहायला बसलो की अक्षर बिघडते.

युरोपात लढाई सुरू होण्यापूर्वीची दोनतीन वर्षे असतील. कोल्हापूरची एक बोलपट कंपनी ऐतिहासिक चित्राच्या लढाया घेण्यासाठी हिंडलग्याच्या पलीकडच्या माळावर उतरली. तंबू पडले, भटारखाना उभा राहिला. लढाईला माणसे हवी होती. वडगाव-शहापुरातले माग त्या महिन्यात मंद चालत होते, म्हणून आमच्या गल्लीतलेच चाळीसएक विणकर मावळे झाले. शत्रूही त्यांच्यातलेच झाले. सकाळी जो मावळा असे, तो दुपारी अंगरखा बदलून शत्रू होई. यावरून त्यांची आपापसात बरीच थट्टा चाले.

"सकाळी तूच मला मारलंस न्हवं रं?"

"व्हय. आता तुझी पाळी. पर जेवून मार, उपाशी मरायला मला जमायचं न्हाय."

मला तेथे नेले ते त्या लोकांनीच. कंपनीच्या कागदावर अंगठे उठवण्यापूर्वी कोणी वाचून दाखवावे, अशी त्यांची इच्छा होती. दिग्दर्शकांनी मला पाहिले, माझे अक्षर पाहिले आणि रोजचा सामान-सरंजाम लिहून ठेवण्याचे काम सुट्टीपुरते माझ्यावर सोपवले. त्या सामानात नऊ खऱ्या बंदुका होत्या, बाकीच्या लाकडाच्या. त्या काळाच्या लढाईत तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूक असे, टोपीची नसे, हे मी दिग्दर्शकांच्या नजरेस आणून दिले. ते म्हणाले, "मास्तर, प्रेक्षक धूर बघतो. टोपी बघत नाही." मी ते मान्य केले. पुढे मी त्यांचे आणखी एक म्हणणे मान्य करणार होतो.

बंदुकांवर एक निवृत्त हवालदार नेमलेले होते. पलटणीत आयुष्य गेलेले, निपाणीकडचे. फार कमी बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "मास्तर, तीन नेम हाईत. लिवा."

मी लिहिले. पहिला नियम, बोळा कागदाचा, दुसरे काही नाही. दुसरा, बंदूक हातात देण्यापूर्वी प्रत्येक नळीत गज टाकायचा. गजावर त्यांनी लाल दोऱ्याच्या दोन खुणा बांधल्या होत्या. नळी रिकामी असेल तर वरची खूण तोंडाशी येई. दारू आणि कागद असेल तर खालची. खालची खूणही तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी जास्त आहे असे समजायचे आणि ती बंदूक बाजूला ठेवायची. तिसरा नियम, माणसावर नेम धरायचा नाही. समोरच्या माणसापासून तीन हात डावीकडे एखादा खडक पाहायचा आणि त्यावर धरायचा. चित्र घेण्याचे यंत्र असे लावायचे की प्रेक्षकाला तो फरक दिसू नये.

बोळ्यांसाठी कागद मीच पुरवला. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांची तीन गाठोडी पडून होती.

आता माझी चूक सांगतो. हवालदारांचे वाक्य मला अपुरे वाटले. "दुसरे काही नाही" म्हणजे काय नाही? शिकणाऱ्यापुढे उदाहरणे ठेवावीत, असे आम्हाला शिकवले होते. म्हणून नियम मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवताना मी ते वाक्य सुधारले: "बोळा कागदाचा, मऊ असावा. खडा, माती, विटेचा चुरा, सुपारी, लाकूड यांपैकी काहीही घालू नये." जत्रेत बार काढायची लोखंडी उखळी ठासताना लोक विटेचा चुरा घालतात हे मला ठाऊक होते, सुपारीही घालतात. आठवतील तितक्या वस्तू मी लिहिल्या. पुठ्ठा बंदुकांच्या तंबूत टांगला आणि नऊही बंदूकवाल्यांकडून तो तोंडपाठ करून घेतला. रोज सकाळी आणि जेवणानंतर ते रांगेत उभे राहून नियम म्हणत. त्यांच्यातला एक माझा जुना विद्यार्थी होता. बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न ठरलेला. वर्गात पाढे म्हणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो सूर लावी आणि बाकीचे मागून म्हणत. मला त्याचे कौतुक वाटे.

हवालदार एकदा तंबूच्या दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "चांगलं म्हणत्यात." आणि निघून गेले.

अकरा दिवस काही झाले नाही. एक तक्रार मात्र रोज निघे. कागदाच्या बोळ्याने बार जोरात होत नसे. 'फस्' असा आवाज होऊन पांढरा धूर निघे. आवाज कंपनी नंतर वेगळा घेणार होती, तेव्हा धुराशीच काम होते. पण आमच्या माणसांना ती लाज वाटे. गल्लीच्या देवीच्या जत्रेत ज्याची उखळी फुसकी जाई, त्याला वर्षभर ऐकून घ्यावे लागे. बायकासुद्धा पाण्याला जाताना टोमणे मारीत.

"आमच्या गल्लीत असला बार झाला तर देवी पाठ फिरवंल," माझा विद्यार्थी म्हणाला.

त्याच्या शेजारी त्याचे दाजी बसले होते, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघांचे माग एकाच घरात, एकमेकांना लागून होते. दाजी चित्रात शत्रूचे सरदार झाले होते, कारण त्यांच्या मिश्या भरघोस होत्या. ते म्हणाले, "तुझ्या बारानं मी मरतो ते उगंच तुझी लाज राखायला मरतो. चिमणी सुदीक मरायची न्हाय त्यानं."

सगळे हसले. मीही हसलो.

बाराव्या दिवशी सकाळी बोरगावहून निरोप आला की हवालदारांच्या बहिणीच्या घरी मयत झाली. ते लगेच निपाणीच्या मोटारीने निघाले. जाताना गज माझ्या हातात दिला. "मास्तर, गज टाकल्याबिगर एक बी बंदूक हातात द्यायची न्हाय. तोंडपाठ इचारत बसू नगा. गज टाका."

मी हो म्हणालो.

सकाळची दृश्ये मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पार पाडली. नऊ बंदुका, नऊ वेळा गज, प्रत्येक वेळी खालची खूण तोंडाशी. जेवणानंतर शेवटचे दृश्य घ्यायचे होते. शत्रूचा सरदार उजव्या हाताने तलवार उपसतो, डावा हात पुढे करून "थांबा" म्हणतो, आणि मावळ्यांची फैर झडून तो पडतो. बंदुका पुन्हा भरल्या गेल्या. पण त्या वेळी वळवाचे ढग येऊ लागले. यंत्राला ऊन हवे असते. ऊन येई, पाच मिनिटे टिकून जाई. भरलेल्या बंदुका तापलेल्या कातळावर ओळीने ठेवून आम्ही सारे आभाळाकडे पाहत बसलो. दीड-दोन तास तरी गेले असतील.

भरताना मी तेथे नव्हतो. जेवलेल्या माणसांची नावे लिहीत होतो. तेथे काय झाले ते मला नंतर कळले, आणि ते येथेच सांगणे क्रमाला धरून होईल. उत्तरपत्रिकांचे शेवटचे गाठोडे सकाळीच संपत आले होते. उरलेल्या कागदाचा एकेक तुकडा दारूवर बसला, पण वर ठासायला बोळा उरला नाही. बंदुका पुसण्यासाठी हवालदारांनीच मागांवरच्या तुटक्या सुताचे एक पोते मागवून ठेवले होते. सूत मऊ असते. यादीत सूत नव्हते. त्यांनी सुताचा बोळा केला. कोरडे सूत नळीत सैल बसते, उतारावर बंदूक खाली झुकली की सरकते. सूत जागी राहावे म्हणून काय करावे हे विणकराला कोणी सांगावे लागत नाही. तो रोज ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पेजेची खळ लावतो. भटारखान्यात भाताची पेज नुकतीच निथळून ठेवली होती. बोळे पेजेत बुडवून, पिळून, गजाने ठासले. चार बंदुकांत. त्यांना त्यात वावगे काही वाटले नाही, आणि बारही जरा घुमेल अशी आशा वाटली.

खळ लावलेले सूत वाळले की काय होते, हे आमच्या गल्लीत लहान पोरही सांगेल. दोन तास ते तापलेल्या लोखंडात वाळत होते.

ऊन एकाएकी पडले. दिग्दर्शकांनी टाळी वाजवली. "मास्तर, द्या बंदुका, दहा मिनिटं मिळतील." मी गज घेतला. पहिल्या बंदुकीत टाकला, खूण बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरी, बरोबर. चौथ्या बंदुकीशी वाकलो तेव्हा दिग्दर्शक पुन्हा म्हणाले, "मास्तर, ढग बघा तो." मी वर पाहिले. ढग खरोखर येत होता. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "नियम म्हणा."

माझ्या विद्यार्थ्याने सूर लावला. बोळा कागदाचा, मऊ असावा. खडा, माती, विटेचा चुरा, सुपारी, लाकूड. एक शब्द चुकला नाही. मी बंदुका दिल्या.

तेवढ्यात यंत्रावरचा माणूस म्हणाला की ऊन आता पश्चिमेचे आहे, यंत्र बाजूला घ्यावे लागेल. घेतले. तेथून पाहिले तर नेम खडकावर आहे, माणसावर नाही, हे उघड दिसत होते. दिग्दर्शक माझ्याकडे आले.

"मास्तर, आत काय आहे?"

"कागद."

"गोळी?"

"नाही."

"छर्रे?"

"नाही."

"मग एकाला सरळ धरू द्या. सात पावलं आहेत. कागद तिथवर जातो का?"

मी अकरा दिवस पाहिले होते. कागद जळत दोन-तीन पावलांवर गळून पडे. मी म्हणालो, "नाही जात." आणि मग, कोणी विचारले नसताना, म्हणालो, "चालेल."

सरळ नेम धरायला त्यांनी माझ्या विद्यार्थ्यालाच निवडले, कारण तो यंत्राच्या सर्वांत जवळ होता. त्याने दाजींच्या छातीवर नेम धरला. दाजी मिशीत हसत म्हणाले, "नीट मार रं. हुंडा दिलाय तुझ्या बापानं मला."

मग ते गंभीर झाले, डावा हात पुढे केला, आणि फैर झडली.

आवाज निराळा होता. मला तो तत्काळ निराळा वाटला. पण कानाला वाटलेले मनापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तेवढ्यात पुष्कळ गोष्टी झाल्या. धूर आला. मावळे ओरडत पुढे धावले, तसे ठरलेलेच होते. दाजींनी पडायचे होते. ते पडले नाहीत. ते उभेच होते आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहत होते. यंत्राची घरघर चालू होती. दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाले, "वा. असंच. पडू नका अजून."

मीसुद्धा क्षणभर तो अभिनय समजलो. हे लिहिताना मला अत्यंत लाज वाटते.

मग माझ्या विद्यार्थ्याने बंदूक टाकून दिली. लोखंड कातळावर आपटले. तो म्हणाला, "दाजी, तुमचा अंगठा."

अंगठा नव्हता. तर्जनी कातड्याला लोंबत होती. रक्त यायला जरा वेळ लागला, आणि आले तेव्हा मनगटावरून कोपरापर्यंत गेले. दाजींनी उजव्या हातातली तलवार काळजीपूर्वक खाली ठेवली, ती कंपनीची होती म्हणून की काय, आणि मग ते बसले. ओरडले नाहीत. मी धोतराचा सोगा फाडून हात बांधला. माझे हात ते काम करीत होते. मी स्वतः कुठेतरी दूर उभा राहून ते पाहत होतो असे वाटत होते.

कंपनीच्या लॉरीत त्यांना घालून शहरातल्या दवाखान्यात पाठवले. माझा विद्यार्थी, त्यांचा मेव्हणा, बरोबर गेला. लॉरी दिसेनाशी झाल्यावर मी खाली पाहिले. कातळावर एक वस्तू पडली होती. सुपारीएवढी, तितकीच कठीण. नखाने दाबली, दबली नाही. एका बाजूने काळी झाली होती, दुसरीकडून तिच्यात हिरवे आणि डाळिंबी धागे स्पष्ट दिसत होते. तो काठाचा रंग मी ओळखला. त्या घराच्या मागावर त्या महिन्यात त्याच काठाची लुगडी लागली होती.

मी गज घेतला आणि सगळ्या बंदुका तपासू लागलो. त्यांचे बार उडून गेले होते. गज सरळ तळापर्यंत गेला, नऊही वेळा. तरी मी नऊही तपासल्या.

फौजदार त्याच दिवशी संध्याकाळच्या आत आले. माझा विद्यार्थी दवाखान्यातून परत आणला गेला होता. दोन शिपाई त्याच्या दोन बाजूंना उभे होते. फौजदारांनी बोळा तळहातावर घेऊन विचारले, "हे आत कुणी घातलं?"

"मी."

"कागदाशिवाय काही घालू नये असं सांगितलं होतं की नाही?"

तो गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. वर्गात उत्तर बरोबर देऊनही गुण कापले गेले की मूल जसे पाहते, तसे ते होते. "मास्तरांच्या यादीत सूत न्हवतं, सायेब," तो म्हणाला, आणि मागितले नसताना सगळी यादी म्हणून दाखवली.

फौजदारांनी पुठ्ठा उतरवून घेतला आणि वाचला. चौकशी पुरी होईपर्यंत त्याला ठाण्यात ठेवू, असे म्हणाले. बाहेर गल्लीतली माणसे जमली होती. त्यांच्यात हिंडलग्याचा शब्द फिरू लागला. आमच्याकडे हिंडलगा म्हटले की गाव कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, तुरुंग येतो. त्याचे लग्न महिन्यावर होते.

कंपनीचे व्यवस्थापक मला तंबूमागे घेऊन गेले. सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मास्तर, उद्या तुमचा जबाब आहे. तुम्ही बंदुका तपासल्या होत्या ना?"

"सकाळी नऊ तपासल्या."

"मग तेवढंच सांगा. तपासल्या होत्या. त्यानंतर त्या माणसानं आपल्या मनानं भरलं. यात खोटं काय आहे?"

मी विचार केला. दोन्ही वाक्ये खरी होती. विद्यार्थ्याने अशी दोन वाक्ये लिहून मधले गाळले असते, तर मी त्याला पान पुन्हा लिहायला लावले असते.

"आणि तुमची नोकरी सरकारी आहे," ते म्हणाले. "लक्षात असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जबाब दवाखान्यातच घेतले गेले, कारण जखमी माणूस हलवण्याजोगा नव्हता. खाटेजवळ त्यांची पत्नी उभी होती, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची थोरली बहीण. एका माणसाचा हात गेलेला, आणि तो घालवणारा हात आपल्या भावाचा. तिने कोणाकडे पाहावे? ती खिडकीकडे पाहत होती. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी पुरती काढून टाकली होती.

मी माझा जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. तो वाचला. जेवणापूर्वी नऊ बंदुका तपासल्या. जेवणानंतर तीन तपासल्या. सहा तपासल्या नाहीत. अपघात झाला ती बंदूक चौथी होती. न तपासण्याचे कारण घाई. तपासण्याऐवजी नियम म्हणून घेतले. हवालदारांचा नियम "कागद, दुसरे काही नाही" असा होता. त्यात बदल मी केला. माणसावर नेम धरण्याची परवानगी मी दिली.

फौजदारांनी विचारले, "मास्तर, हे सगळं असंच ठेवायचं?"

"ठेवा."

"नियम बदलल्याचं कोणी विचारलेलं नाही."

"ठेवा," मी म्हणालो.

दाजी डोळे मिटून पडले होते. मला वाटले ते ऐकत नाहीत. ते म्हणाले, "सायेब, त्येचं सूत आमच्याच मागाचं हुतं. ते बी लिवा. पोत्यात मीच भरून दिलतं." पुढे म्हणाले, "पोराला सोडा. सूत कडक हुतंय हे त्येला ठावं हुतं, मला बी ठावं हुतं. बंदुकीत काय हुतंय ते ठावं न्हवतं. ते मास्तरांस्नी ठावं हुतं."

फौजदारांनी तेही लिहून घेतले.

जबाबाखाली अंगठा उठवायचा होता. शिपायाने शाईची डबी उघडली आणि रोजच्या सवयीने म्हणाला, "डावा." मग त्याला कळले. तो डबी हातात धरून उभा राहिला. फौजदार म्हणाले, "उजवा घ्या, आणि शेरा मारा." शेरा मीच लिहिला, माझे अक्षर चांगले होते म्हणून: डाव्या हाताचा अंगठा नसल्याने उजव्याचा घेतला.

माझ्या विद्यार्थ्याला तिसऱ्या दिवशी समज देऊन सोडले. अपघात, असा निकाल झाला. कंपनीने दवाखान्याचा खर्च केला आणि तंबू हलवले. परवानगीवाचून बाहेरचे काम केले आणि त्यात निष्काळजीपणा झाला, म्हणून वरिष्ठांनी माझ्या नोंदीत ताकीद लिहिली. ती योग्य होती. हवालदार बोरगावहून परत आले तेव्हा मी त्यांना गज दिला. त्यांनी एकच विचारले, "कितव्या बंदुकीत थांबला?" मी सांगितले. त्यांनी गजावरच्या दोन्ही लाल खुणा सोडून टाकल्या आणि तो घेऊन गेले.

पावसाळ्यानंतर ते चित्र शहरात लागले. मी गेलो नाही. गल्लीतले गेले. परत आल्यावर कोणी नेहमीसारखी चर्चा करीना, म्हणून मी एकाला विचारले. तो म्हणाला, "ते ठेवलंय, मास्तर. दाजी हाताकडं बघतात ते. कापलं न्हाय. लोक म्हणत्यात, काय काम केलंय."



दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हते. दोन्ही माग चालू होते. मेव्हणा आपल्या मागावर होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्याचे लग्न ठरल्या दिवशीच झाले होते. दाजी मागावर बसले होते. उजव्या हाताने, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढत होते, फणीही त्याच हाताने मारत होते, त्यामुळे ठेका अडखळत होता. एवढ्यात ताण्याचा एक धागा तुटला. त्यांनी दोन्ही टोके पकडण्यासाठी सवयीने दोन्ही हात पुढे केले. डावा हात धाग्याजवळ जाऊन थांबला. त्यांनी हाक मारली नाही. पत्नी स्वयंपाकघरातून आपणच आली, पदराला हात पुसत, वाकली आणि गाठ मारून परत गेली. ठेका परत सावरला, की दुसरा धागा तुटला. ती पुन्हा आली.

मी तसाच उंबऱ्यात उभा होतो.

"चित्र बघितलं का, मास्तर?" दाजींनी वर न पाहता विचारले.

"नाही."

"मी बघितलं. ह्येनं आणि मी मिळून." त्यांनी मेव्हण्याकडे मान हलवली. "तुम्ही बी हाईसा त्येच्यात. कडंला उभं. गज हातात धरून."



तिसरा धागा तुटला. त्यांची पत्नी आली आणि वाकली, पण या वेळी तिला टोक सापडेना. दाजी म्हणाले, "मास्तर, आत तरी या न्हायतर भायेर तरी जावा. तुमच्या सावलीत तिला धागा दिसंना."

मी आत गेलो आणि भिंतीशी बसलो.